कावळा, फांदी आणि नुकसानभरपाई

गावात लसीकरणाचा दिवस असला की शिक्षकांना बरीच कामे अंगावर घ्यावी लागतात. त्यांतले सर्वांत अवघड काम मात्र त्या दिवशी येत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहते. "बाई, लस टोचली आणि पोराला ताप भरला" अशी तक्रार असेल तर उत्तर सोपे असते. ताप येणे, दंड किंवा मांडी सुजणे हे अपेक्षितच असते आणि ते दोन दिवसांत उतरते. पण क्वचित एखादी आई वेगळेच सांगते. "कालपर्यंत हसतं-खेळतं होतं हो माझं बाळ. लस दिली आणि रात्री आकडी आली. आता डॉक्टर म्हणतात, मेंदूला कायमचा धक्का बसलाय. याची भरपाई कोण करणार?"

या प्रश्नाला दोन घाईची उत्तरे मिळतात. एक म्हणजे, "लसीमुळेच झाले, कोर्टात खेचा त्यांना." दुसरे म्हणजे, "लसीचा काही संबंध नाही, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली." कावळ्याची म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तर्कशास्त्रात तिला काकतालीय न्याय म्हणतात. एका घटनेनंतर दुसरी घटना घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे ती आपल्याला शिकवते. पण कधीकधी फांदी खरोखरच भाराने तुटते, हेही विसरून चालत नाही. यातले काय खरे हे कसे ओळखायचे, आणि ओळखता आले नाही तर त्या आईला काय द्यायचे, याचा शोध गेली सत्तर वर्षे शास्त्रज्ञ आणि न्यायाधीश मिळून घेत आहेत. त्या शोधाची ही हकीकत आहे.

एका प्रश्नात तीन प्रश्न

"भरपाई कोण करणार?" या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न कारणाचा: इजा लसीमुळे झाली काय? दुसरा दोषाचा: झाली असल्यास चूक कोणाची? तिसरा भाराचा: चूक कोणाचीही असो किंवा नसो, खर्चाचा आणि दुःखाचा भार कोणी उचलायचा? पहिला प्रश्न विज्ञानाचा, दुसरा कायद्याचा आणि तिसरा समाजाच्या न्यायबुद्धीचा आहे. यांची गल्लत झाली की गोंधळ सुरू होतो.

आपल्या मुंबईशी जोडलेले एक जुने उदाहरण घेऊ. १९०२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. ही लस परळच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती. त्यांपैकी १९ जण काही दिवसांतच धनुर्वाताने मरण पावले. येथे कारणाचा प्रश्न फारसा कठीण नव्हता, कारण ते सर्व १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नव्हते. वाद झाला तो दोषाबद्दल. जंतू परळच्या प्रयोगशाळेतच बाटलीत शिरले, की गावात बूच उघडताना? चौकशी आयोगाने प्रयोगशाळेकडे बोट दाखवले आणि हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. पुढे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी पुरावा पुन्हा तपासला. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर उघडताना घाण वास यायला हवा होता, आणि तसा वास आला नव्हता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

पाच वर्षे चाललेला हा सगळा वाद 'चूक कोणाची' या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरत राहिला. तिसरा प्रश्न त्या काळी चर्चेच्या मध्यभागी आलाच नाही.

चूक नाही, तरीही भरपाई

तिसरा प्रश्न पुढे आला तो अमेरिकेत. १२ एप्रिल १९५५ रोजी जोनास साल्क यांची पोलिओची लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले आणि लगोलग मुलांना ती टोचण्यास सुरुवात झाली. ही लस पोलिओचे विषाणू फॉर्मॅलिनने मारून तयार केलेली होती. पण कॅलिफोर्नियातील बर्कली येथील कटर या कंपनीच्या काही घाण्यांमध्ये जिवंत विषाणू शिल्लक राहिले. सुमारे दोनशे लोकांना कमीअधिक प्रमाणात लुळेपणा आला आणि दहा जण दगावले. लसीपासून इजा झाल्याचा पुरावा येथे अगदी ठसठशीत होता. रुग्ण या एकाच कंपनीची लस घेतलेल्यांत आणि त्यांच्या संपर्कातील लोकांत आढळत होते. शिवाय लस घेतलेल्या मुलांचा लुळेपणा बहुधा ज्या हाताला किंवा पायाला सुई टोचली होती तेथूनच सुरू झाला होता.

१९५८ साली कॅलिफोर्नियातील एका ज्यूरीपुढे दोन मुलांचा दावा आला. तेव्हा उपलब्ध असलेल्या ज्ञानानुसार आणि सरकारने ठरवून दिलेल्या पद्धतीनुसार कंपनीने काम केले होते. म्हणून ती निष्काळजी ठरत नाही, असे ज्यूरीचे मत पडले. पण 'ही लस सुरक्षित आहे' असे आश्वासन विक्रीतच गृहीत असते आणि ते पाळले गेले नाही. म्हणून कंपनीने भरपाई द्यावी, असा निकाल लागला. दोन्ही मुलांना मिळून सुमारे १ लाख ४७ हजार डॉलर देवविण्यात आले. दोष आणि भरपाई यांची गाठ येथे सुटली.

युरोपात हाच विचार वेगळ्या वाटेने आला. पश्चिम जर्मनीत देवीची लस सक्तीची होती. सर्वांच्या हितासाठी राज्याने एखाद्याला टोचून घ्यायला लावले आणि त्यातून त्याला विशेष हानी पोहोचली, तर त्याने सर्वांसाठी त्याग केला असे समजून सर्वांनी त्याची भरपाई केली पाहिजे, असे तत्त्व तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५३ साली मान्य केले आणि १९६१ साली त्याचा कायदा झाला. घरातला एक जण सर्वांसाठी विहिरीत उतरला आणि त्याचा पाय मोडला, तर दोर कोणी धरला होता याची चौकशी पूर्ण होईपर्यंत आपण त्याला तसाच ठेवत नाही. आधी त्याला दवाखान्यात नेतो आणि खर्च घरातून करतो. त्यातलाच हा प्रकार आहे.

एका अहवालाची किंमत

मुलकोवाल आणि बर्कली येथे कारण स्पष्ट होते. खरी कसोटी लागली ती कारण अस्पष्ट असलेल्या प्रकरणांत. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची त्रिगुणी लस सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यातील डांग्या खोकल्याचा घटक पूर्वी संपूर्ण मृत जिवाणूंचा असे. त्याने ताप येई आणि क्वचित तापामुळे आकडीही येई. १९७४ साली लंडनमधील डॉक्टरांनी ३६ मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. या मुलांना लसीनंतर मेंदूचा आजार झाल्याचे त्यात म्हटले होते. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीने तो उचलून धरला. ब्रिटनमध्ये या लसीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून काही वर्षांतच ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. त्यापाठोपाठ १९७७ ते १९७९ या काळात डांग्या खोकल्याची साथ आली आणि एक लाखाहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यांत काही बालके दगावलीही.

त्या ३६ मुलांच्या अहवालात एक उणीव होती. लसीनंतर आजारी पडलेली मुले त्यात होती. पण लस न घेता किंवा लसीनंतर बऱ्याच काळाने तसाच आजार झालेली मुले किती, हे त्यात नव्हते. तुलनेला दुसरी बाजूच नसेल तर कावळ्याचा प्रश्न सुटायचा कसा?

ब्रिटिश संसदेने १९७९ साली लसीमुळे झालेल्या हानीसाठी रक्कम देण्याचा कायदा केला. सुरुवातीला ती १० हजार पौंड होती आणि अपंगत्व ८० टक्के असावे अशी अट होती. पुढे २००२ साली अट ६० टक्क्यांवर आली आणि २००७ साली रक्कम १ लाख २० हजार पौंड झाली. पण ही रक्कम जन्मभराच्या शुश्रूषेला पुरणारी नव्हती, म्हणून पालक न्यायालयातही गेले. दरम्यान देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत, साधारण दर ३ लाख १० हजार टोचण्यांमागे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा होत असावी, असा अंदाज मांडण्यात आला होता. १९८८ साली न्यायमूर्ती स्टुअर्ट-स्मिथ यांच्यापुढे हा अंदाज उलगडून पाहिला गेला. त्याच्या मुळाशी असलेली मुले अगदी मोजकी होती आणि त्यांतल्या काहींच्या आजाराला इतर कारणेही दिसत होती. लसीने तापाची आकडी येऊ शकते, पण मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध झालेले नाही, असा निवाडा त्यांनी दिला.

थोडे गणित

न्यायालयाची कसोटी आणि प्रयोगशाळेची कसोटी एक नसते, हे येथे समजून घेतले पाहिजे. फौजदारी खटल्यात संशयाला जागा न उरेल असा पुरावा लागतो. भरपाईच्या दिवाणी दाव्यात तराजूचे पारडे केसभर एका बाजूला झुकले तरी पुरते; म्हणजे इजा लसीमुळे झाली असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जरा जास्त हवी. ही शक्यता काढायची कशी, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, एका प्रदेशात वर्षाला १ लाख बालके जन्मतात आणि त्यांपैकी १२० बालकांना पहिल्या वर्षात मेंदूचा एक विशिष्ट आजार सुरू होतो. लसीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही असे धरू. प्रत्येक बालकाला वर्षात लसीचे तीन डोस मिळतात. डोसनंतरचे तीन दिवस आपण 'संशयाचे दिवस' मानले तर असे एकूण नऊ दिवस होतात. आजार वर्षातल्या कोणत्याही दिवशी सुरू होण्याची शक्यता सारखीच असेल, तर १२० गुणिले ९ भागिले ३६५, म्हणजे सुमारे ३ बालकांचा आजार निव्वळ योगायोगाने संशयाच्या दिवसांत सुरू होईल. या तीन घरांतील आईबापांना कोणीही समजावू शकणार नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते: काल लस, आज आकडी. उरलेल्या ११७ घरांत मात्र लसीचा विषयही निघणार नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी केली आणि संशयाच्या दिवसांत ३ ऐवजी १२ बालके सापडली असे समजू. अपेक्षेपेक्षा ९ जास्त आहेत. म्हणजे या बारांपैकी कोणतेही एक बालक निवडले तर त्याचा आजार लसीमुळे असण्याची शक्यता बारात नऊ, म्हणजे ७५ टक्के आहे. प्रत्येकाचे पारडे झुकते, म्हणून बाराही जण दावा जिंकतील. त्यांतील तिघांचा आजार वास्तविक योगायोगाचा असतो. पण ते तिघे कोण हे सांगता येत नाही.

आता संशयाच्या दिवसांत ५ बालके सापडली असे धरू. अपेक्षेपेक्षा २ जास्त. शक्यता पाचात दोन, म्हणजे ४० टक्के. येथे कोणाचेच पारडे झुकत नाही, म्हणून पाचही जण हरतील. त्यांतील दोघांना मात्र लसीने खरोखर इजा झालेली असेल. थोडक्यात, आजाराचे प्रमाण नेहमीच्या दुपटीहून अधिक झाले तर सारे जिंकतात आणि दुपटीहून कमी राहिले तर सारे हरतात. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस चार कोटींहून अधिक लोकांना देण्यात आली होती. तेव्हा गियाँ-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार लाखात सुमारे एक या प्रमाणात वाढल्याचे दिसले आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. त्यानंतरच्या दाव्यांत अमेरिकी न्यायालयांनी हा दुपटीचा हिशेब प्रत्यक्ष वापरला.

हे गणित बरोबर आहे, पण त्याने सर्वांना न्याय मिळतो असे नाही. आकडेवारी लोकसंख्येबद्दल बोलते आणि न्यायालयासमोर उभे असते एकच मूल. ही फट बुजवण्यासाठी निराळी व्यवस्था लागते.

अमेरिकेतील तोडगा

अमेरिकेत त्रिगुणी लसीविरुद्ध १९७९ साली एखाददुसरा दावा होता. १९८२ साली या लसीच्या धोक्यांविषयी एक दूरचित्रवाणी कार्यक्रम गाजला आणि १९८६ पर्यंत वर्षाला अडीचशेवर दावे होऊ लागले. काही सेंटांना मिळणारा डोस अकरा डॉलरच्या पुढे गेला. कंपन्या एकेक करून उत्पादन बंद करू लागल्या. १९८४च्या अखेरीस तर तुटवड्यामुळे मोठ्या मुलांचे वर्धक डोस पुढे ढकलावे लागले. लसच मिळेनाशी झाली तर काय होते, हे ब्रिटनमधील साथीने दाखवून दिले होते.

तेव्हा १९८६ साली कायदा होऊन १९८८ पासून लसहानी भरपाईची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. लसीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांविरुद्ध असेल तितके, रोगामागे ७५ सेंट कर म्हणून एका निधीत जमा होतात. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांच्या एकत्रित लसीवर म्हणूनच सव्वादोन डॉलर पडतात. इजा झालेल्याने कंपनीवर नव्हे, तर या निधीवर दावा करायचा. कोणाची चूक होती हे सिद्ध करायचे नाही. दावा विशेष न्यायाधिकाऱ्यांपुढे चालतो, ज्यूरी नसते. दावा प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर हरलेल्याच्याही वकिलाचे शुल्क निधीतून मिळते.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे एक तक्ता. कोणत्या लसीनंतर, कोणती इजा, किती काळात दिसली तर ती लसीमुळे झाली असे गृहीत धरायचे, हे त्यात लिहिलेले असते. तीव्र स्वरूपाची अॅलर्जी असेल तर चार तासांत दिसायला हवी. गोवराच्या लसीनंतरचा मेंदूविकार पाच ते पंधरा दिवसांत दिसायला हवा. कारण त्या लसीतला क्षीण केलेला विषाणू शरीरात वाढायलाच काही दिवस लागतात, पहिल्याच रात्री तो काही करू शकत नाही. फ्लूच्या लसीनंतरच्या गियाँ-बारे आजाराला तीन ते बेचाळीस दिवस आहेत. इजा तक्त्यात बसली तर सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावरून उतरते. कारण दुसरेच होते, हे सरकारने दाखवायचे. तक्त्यात न बसणारा दावाही करता येतो. पण मग दावेदाराने तीन गोष्टी दाखवायच्या, असे २००५ साली अपील न्यायालयाने ठरवून दिले: लस अशी इजा कशी करू शकते याचा वैद्यकीय विचार, या रुग्णात तसे घडल्याची सुसंगत साखळी, आणि काळाचे जुळणारे अंतर. नवे ज्ञान आले की तक्ता बदलतो. १९९५ साली त्रिगुणी लसीच्या रकान्यातून आकडीचा विकार वगळण्यात आला आणि मेंदूविकाराची व्याख्या काटेकोर करण्यात आली.

या योजनेने आजवर पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली आहे. वाटलेल्या दर दहा लाख डोसांमागे साधारण एका व्यक्तीला भरपाई मिळते, असे तिचीच आकडेवारी सांगते. त्यांतही निम्म्याहून अधिक प्रकरणे तडजोडीची असतात. म्हणजे कारणाचा निर्णय न लावताच रक्कम दिलेली असते. म्हणून 'भरपाई दिली, म्हणजे लस घातक असल्याची कबुली दिली' हा अर्थ बरोबर नाही. उलट, मागेल त्याला रक्कम मिळते असेही नाही. लसींमुळे स्वमग्नता येते असे म्हणणारे पाच हजारांहून अधिक दावे दाखल झाले होते. निवडक प्रकरणांची सविस्तर सुनावणी होऊन २००९ आणि २०१० साली ते सर्व नमुना-दावे फेटाळले गेले. योजनेत दोषही आहेत. झटपट निकाल हा हेतू होता, पण प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात. वेदनांपोटी द्यायच्या रकमेची १९८६ साली ठरलेली अडीच लाख डॉलरची मर्यादा महागाई वाढली तरी दशकानुदशके तशीच राहिली.

तीस वर्षांनी सापडलेले कारण

त्रिगुणी लसीनंतर ज्यांच्या मेंदूला इजा झाली असे मानले गेले, त्या मुलांना मग झाले होते तरी काय? याचे उत्तर २००६ साली ऑस्ट्रेलियातून आले. सॅम बर्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४ रुग्णांची जनुके तपासली. त्यांपैकी ११ जणांत एससीएन१ए या एकाच जनुकात बिघाड आढळला. मेंदूतील चेतापेशींच्या आवरणात सोडियमचे आयन आत सोडणारी जी दारे असतात, त्यांतल्या एका दाराचा नकाशा हे जनुक पुरवते. दार बिघडले की मेंदूतील विद्युत्-संदेशांना आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि आकडी येते. या आजाराला फ्रेंच डॉक्टर शार्लोट द्रावे यांचे नाव आहे.

हा बिघाड बहुधा आईबापांकडून आलेला नसतो. तो त्या मुलातच नव्याने उद्भवतो. म्हणून घराण्यात कोणाला आकडी नसते. बाळ पहिले काही महिने अगदी निरोगी दिसते आणि साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास, पुष्कळदा तापाचे निमित्त होऊन, पहिली आकडी येते. नेमके हेच लसींचेही वय! पुढे २०१० साली असेही दिसून आले की लसीच्या सुमारास पहिली आकडी आलेल्या मुलांत ती सरासरी दोन महिने लवकर आली होती. पण आजाराची पुढची वाटचाल इतर मुलांसारखीच होती. ताप लसीचा असो की सर्दीचा, तो निमित्त ठरला. कारण आधीच पेशीत बसलेले होते. अमेरिकेत अशा प्रकरणांतील दावे नामंजूर झाले आणि २०१२ साली अपील न्यायालयानेही ते निर्णय कायम ठेवले.

येथे आम्हाला एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. त्या आईबापांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांनी पाहिलेला क्रम खरा होता, मुलाचा आजारही खरा होता. चुकला होता तो फक्त दोहोंमधला दुवा, आणि तो तपासण्याचे साधन १९७४ साली शास्त्रज्ञांच्याही हाती नव्हते.

फांदी खरोखर तुटते तेव्हा

उलट बाजूचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. ऑक्सफर्ड आणि अॅस्ट्राझेनेका यांची कोव्हिडवरील लस पुण्यात कोव्हिशील्ड या नावाने तयार झाली. २०२१च्या मार्चमध्ये युरोपातील डॉक्टरांच्या लक्षात आले की ही लस घेतल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत काही थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात. एरवी या दोन गोष्टी सहसा एकत्र दिसत नाहीत. तपासात त्यांच्या रक्तात बिंबिकांमधील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. म्हणजे येथे इजेने स्वतःची सहीच मागे ठेवली होती. आता आकडेमोडीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. एका रुग्णाच्या रक्तावरूनही पुष्कळ सांगता येऊ लागले. आपल्या राष्ट्रीय समितीने मे २०२१मध्ये भारतातील अशी संभाव्य प्रकरणे २६, म्हणजे दर दहा लाख डोसांमागे ०.६१ असल्याचे सांगितले. ब्रिटनमध्ये २०२२ पासून अशा काही कुटुंबांना १९७९च्या कायद्याखाली रक्कम मिळाली.

आपल्याकडे लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेची नोंद आणि कारणमीमांसा करण्याची पद्धत आहे. जिल्ह्यापासून देशापर्यंत त्यासाठी समित्या आहेत. त्या घटनेची वर्गवारी करतात: लसीच्या गुणधर्मामुळे, लसीच्या निकृष्ट दर्जामुळे, टोचण्यातील चुकीमुळे, भीतीमुळे की योगायोगाने. मुलकोवालची घटना आज यांतल्या कोणत्या वर्गात पडली असती, हे वाचक ओळखतीलच. परंतु कारण ठरवणारी ही यंत्रणा भरपाई देणारी नव्हे. कोव्हिडच्या लसीनंतर दगावलेल्या मुलींच्या पालकांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटले की अशा अतिदुर्मीळ मृत्यूंसाठी सरकारला भरपाईस जबाबदार धरता येणार नाही. पालकांनी दिवाणी न्यायालयात जावे. त्याआधी त्याच वर्षी २ मे रोजी एका वेगळ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लसीनंतरच्या घटनांची माहिती, कोणाची ओळख उघड न करता, लोकांना पाहता येईल अशी ठेवण्यास सांगितले होते.

दिवाणी न्यायालयात जाणे म्हणजे पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे, 'चूक कोणाची' याकडे, परतणे होय. ज्या इजेत कोणाचीच चूक नसते, तिला तेथे उत्तर मिळणे कठीण. आम्हाला वाटते, लस घ्या असे ठासून सांगण्याचा अधिकार ज्या समाजाला हवा आहे, त्याने दहा लाखांत एखाद्याला होणाऱ्या इजेचा भार वाटून घेण्याची तयारीही ठेवली पाहिजे. त्याने लसीवरचा विश्वास कमी होत नाही, वाढतो. लपवाछपवी नाही, हे लोकांना त्यातून दिसते.

वर्गात काय करता येईल?

गणिताच्या तासाला एक प्रयोग करून पाहावा. १ ते ३६५ आकड्यांच्या चिठ्ठ्या कराव्या. फळ्यावर वर्षातले तीन 'लसीचे दिवस' लिहावे आणि प्रत्येकानंतरचे तीन दिवस अधोरेखित करावे. मग साठ विद्यार्थ्यांनी एकेक चिठ्ठी उचलून आकडा सांगावा आणि चिठ्ठी परत टाकावी. तो त्याच्या 'आजाराचा' दिवस. प्रत्येक खेपेला सरासरी एक-दोन विद्यार्थी अधोरेखित दिवसांत सापडतील. त्यांना पुढे बोलावून विचारावे, "तुमचा आजार कशामुळे झाला?" आणि बाकीच्यांना विचारावे, "यांचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी तुम्हाला आणखी काय माहिती हवी?" उत्तर देताना मुले आपोआपच तुलनेची दुसरी बाजू मागू लागतात; ३६ मुलांच्या त्या अहवालात नेमकी तीच नव्हती.

आणि दारात आलेल्या त्या आईला? तिला कावळ्याची म्हण ऐकवू नये. आधी बाळाला दवाखान्यात न्यावे. मग आरोग्यकेंद्रात घटनेची लेखी नोंद करायला तिच्याबरोबर जावे. लसीचे नाव, घाणा क्रमांक, टोचल्याची वेळ आणि पहिले लक्षण दिसल्याची वेळ त्याच दिवशी टिपून ठेवावी. इजा लसीमुळे झालेली असेल तर तिचा दावा या चार नोंदींवर उभा राहील. नसेल तर खरे कारण शोधण्याची सुरुवातही याच चार नोंदींपासून होईल.